पंजाबच्या शिवाराचे पालटलेले रूप

जुलै महिन्यात लुधियाना जिल्ह्यातून आगगाडीने जाणाऱ्या प्रवाशास दोहों बाजूंस पाण्याने भरलेली भातखाचरे दिसतात. हा पूर्वापार भाताचाच मुलूख असावा, असे त्यास वाटले तर नवल नाही. वस्तुतः १९६०-६१ साली आजच्या पंजाबच्या हद्दीत भाताखाली जेमतेम सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. अलीकडे ती ३० लाख हेक्टरांच्या वर गेली आहे.

त्या काळी शिवार बहुरंगी असे. पावसाळ्यात मका, बाजरी व कापूस, तर हिवाळ्यात गव्हाच्या जोडीस हरभरा. विहिरीवर बैल रहाट ओढीत. जमिनींचे एकत्रीकरण झाले, तसे बांध मोडले; नैऋत्येकडील वाळूचे उंचवटेही सपाट झाले. पुढे कूपनलिका आल्या. सरकार ठरल्या भावाने गहू व भात विकत घेऊ लागले, आणि खात्रीचे गिऱ्हाईक असलेले पीक शेतकऱ्याने पेरले. यात त्याचा दोष तो काय?

शिवार हिरवे झाले, पण भूगर्भातील पाणी खोल गेले. म्हणून २००९ साली कायद्याने १० जूनपूर्वी भाताच्या लावणीस मनाई केली. लावणी लांबली, तशी कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीस अवधी थोडा उरला. शेत लवकर मोकळे करण्यासाठी पेंढा व धसकटे जाळण्याची रीत त्यामुळे अधिकच बळावली. जुलैत हिरवे दिसलेले तेच शेत नोव्हेंबरात धुराखाली काळे पडलेले आढळते.