मुकी पेटी

गिटारीचा स्वर मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेटीस ‘फझ पेडल’ म्हणतात. १९६१ सालच्या ‘डोंट वरी’ या अमेरिकन गीतांत ध्वनिमुद्रणयंत्राच्या बिघाडानें हा स्वर उमटला, आणि पुढल्याच वर्षीं तो पेटींत घालून विकूं लागले. आमच्या नातवानें खाऊचे पैसे सांठवून अशी पेटी स्वहस्तें केली; पण ती मुकीच! ‘आजोबा, टाकून देतों,’ असें तो म्हणाला. संगीतांत आम्ही औरंगजेब. तथापि स्वर कोठवर आहे व कोठून नाहीं, हें शोधण्यापुरता अन्वयव्यतिरेक आम्हांस ठाऊक आहे.

पेटी वगळून गिटार थेट ॲम्प्लिफायरास जोडविली, वाजली. बॅटरी मोजली, नऊ व्होल्ट भरली. मग ॲम्प्लिफायरच्या वायरीस ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून त्याचें मोकळें टोक, नातू तारा छेडीत असतां, आरंभापासून एकेका सांध्यास टेकवीत गेलों. (दोहोंचें अर्थिंग मात्र जोडलेलें हवें.) पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर स्वर होता, कलेक्टरवर नव्हता. पाय उलटे बसले असतील म्हणून ताडून पाहिलें, तसें नव्हतें. भिंग धरतां एमिटरचा डाख गोळीसारखा वर बसलेला दिसला. कथील वितळलें होतें, तांब्यास धरलें नव्हतें. सांधा नीट तापवून नातवानें पुन्हां डाख दिला, आणि पेटी गरजली.

‘हें सुधरलें कीं आणखीच बिघडलें?’ असें माजघरांतून विचारणें झालें.