वाळवंटाकडून सागराकडे : मधला मुक्काम भोपाळ

भोपाळ शहरात कमला पार्कजवळच्या रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाला, आपण एका धरणावरून चाललो आहोत, याची सहसा कल्पना येत नाही. एका अंगाला मोठा तलाव, दुसऱ्या अंगाला छोटा तलाव आणि मध्ये झाडांनी झाकलेला मातीचा बांध. अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदी अडवून मोठा तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. साम्राज्ये आली आणि गेली. बांध मात्र राहिला आणि त्याच्या आधाराने पाणीही राहिले.

जैसलमेरच्या वाळवंटातून निघून ठाण्याच्या खाडीपर्यंत सडकेने यावयाचे, तर दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. भोपाळ हा त्या वाटेवरचा मधला मुक्काम. निसर्गशोभेचे स्थळ म्हणजे मनुष्याचा हात न लागलेली जागा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. ही वाट तो समज ठायी ठायी खोटा ठरविते. प्रवासी जेथे जेथे पक्षी पाहावयास थांबतो, तेथे तेथे बहुधा कोणीतरी कधीकाळी पाणी अडविलेले असते, किंवा अडविलेले पाणी जपलेले असते.

आरंभ वाळवंटापासूनच करावा. जैसलमेरच्या बाजूस वर्षाकाठी पडणारा पाऊस वीस सेंटिमीटरांच्या आतबाहेर असतो. शहराजवळ अकल येथे दगड झालेले वृक्षांचे बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी तेथे अरण्य होते, याची ती साक्ष. आज त्याच मुलखात गवताळ माळावर माळढोक आपले अखेरचे दिवस कंठीत आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून तो जवळजवळ दिसेनासा झाल्यामुळे मराठी माणसाला त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. अशा रुक्ष भूमीत माणसाने उतारावर आडवे बांध घालून 'खडीन' नावाची शेते केली. पावसाचे पाणी बांधाशी साचावे, जमिनीत मुरावे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पिकावा, अशी ती युक्ती. पुढे फलोदीजवळ खीचन या गावी थंडीच्या दिवसांत करकोच्यांचे हजारोंचे थवे उतरतात. मध्य आशियातून आणि मंगोलियातून येणाऱ्या या पाहुण्यांना गावकरी पिढ्यान्‌पिढ्या धान्य घालीत आले आहेत. २०२५ साली या गावच्या पाणथळ जागेला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले, ते या आतिथ्याचेच फळ होय.

जोधपूर सोडल्यावर लुणी नदी लागते. अरवलीत उगम पावणारी ही नदी आरंभी गोड असते, बालोतऱ्याच्या पुढे खारी होते आणि समुद्राला न मिळताच कच्छच्या रणात जिरून जाते. तिचे नाव ध्यानात ठेवावे. प्रवासाच्या शेवटी तिची पुन्हा गाठ पडणार आहे. अरवली ओलांडली की पाण्याचे तोंड फिरते. चितोड, नीमच, मंदसोर या मार्गाने माळव्याच्या काळ्या मातीत शिरावे, तर चंबळ काय नि क्षिप्रा काय, साऱ्या नद्या उत्तरेस यमुनेकडे धावताना दिसतात. उज्जैनची क्षिप्रा तर आता एकट्या आपल्या पाण्यावर वाहत नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून तिच्यात सोडण्यात येते.

मग येते भोपाळ. येथे माळव्याची काळी बसाल्टची भूमी संपत येते आणि विंध्याचा वालुकाश्म डोके वर काढतो. मोठा तलाव भरला म्हणजे सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरतो. शहराच्या फार मोठ्या भागाला पिण्याचे पाणी त्याच्यातूनच मिळते. हिवाळ्यात दूरदेशीची बदके येथे मुक्कामाला येतात, आणि पश्चिमेकडील उथळ काठाच्या शेतांतून सारसांच्या जोड्या हिंडताना दिसतात. २००२ साली दोन्ही तलावांना मिळून 'भोज पाणथळ' या नावाने रामसर यादीत स्थान मिळाले.

तथापि राजा भोजाची सारीच धरणे टिकली असे नाही. भोपाळच्या आग्नेयेस भोजपूर येथे बेटवा नदीवर त्याच काळातील याहून कितीतरी विस्तीर्ण असा जलाशय होता. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने त्याचा बांध फोडला. तो फोडावयास सैन्याला तीन महिने लागले आणि पाणी ओसरावयास तीन वर्षे, अशी आख्यायिका आहे. आज तेथे अपुरे राहिलेले भव्य शिवमंदिर उभे आहे आणि बांधाचे अवशेष आहेत; तलाव नाही. एक बांध राखला गेला, दुसरा फोडला गेला. दोहोंतील अंतर प्रवाशाने एकाच दिवसात डोळ्यांनी पाहून घ्यावे.

भोजपूरहून पुढे दक्षिणेस भीमबेटका आहे. १९५७ साली आगगाडीने जात असता विष्णु श्रीधर वाकणकर यांचे लक्ष या चमत्कारिक आकाराच्या खडकांकडे गेले. वाकणकर मूळचे नीमचचे, म्हणजे याच वाटेवरचे, आणि मध्य भारतातील मराठी घराण्यात वाढलेले. सातशेहून अधिक शैलाश्रयांचा हा समूह त्यांनी जगापुढे आणला आणि २००३ साली तो जागतिक वारसा ठरला. त्या भिंतींवर गवे, हरणे, वाघ, हत्ती, मोर यांच्या आकृती गेरूने व पांढऱ्या रंगाने रेखाटलेल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या मनुष्याने आपले शेजारी कोण, याची ती नोंदच करून ठेविली. त्यांतील वाघ अद्याप शेजारी आहे. भोवतालचे रातापानीचे अरण्य डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले, आणि भोपाळच्या सीमेवर केरवा व कलियासोत या धरणांच्या परिसरात वाघांचा वावर आहे.

परंतु भोपाळचे नाव उच्चारताच जगाला तलावही आठवत नाही आणि वाघही आठवत नाही. डिसेंबर १९८४ मधील विषारी वायूची रात्र आठवते. त्या रात्रीचा संहार हजारो घरांनी भोगला. पण त्या कारखान्याने आणखी एक हानी केली, ती भूमीच्या पोटात. परिसरातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी दूषित झाले आणि भोवतालच्या वस्त्यांना बाहेरून स्वच्छ पाणी पुरविणे भाग पडले. ज्या नगरीने एक तलाव शतकानुशतके राखला, त्याच नगरीच्या एका भागातील भूजल एका पिढीच्या आत नासले. पाणी साठविणे कठीण खरे, पण ते नासविणे किती सोपे आहे, हे या शहराइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असेल? म्हणूनच की काय, २००९ च्या उन्हाळ्यात मोठा तलाव फार आटला आणि त्याचा तळ उघडा पडला, तेव्हा नागरिक कुदळ-फावडी घेऊन गाळ उपसावयास उतरले होते. राजाने घातलेला बांध प्रजेने राखावयाचा असतो, याची ती जाणीव म्हणावी लागेल.

भोपाळहून दक्षिणेस विंध्य उतरला की पाण्याची दिशा पुन्हा बदलते. तलावाचा विसर्ग कलियासोत, बेटवा, यमुना असा करीत बंगालच्या उपसागराला मिळतो. नर्मदापुरमच्या घाटावर उभे राहिले की समोरची नर्मदा पश्चिमेस सिंधुसागराकडे चाललेली दिसते. नदी न म्हणता तिला दोन पर्वतांमधील खचलेल्या दरीची रेघ म्हणावे. पुढे हरदा, खंडवा करीत असीरगडाच्या पायथ्याची सातपुड्याची खिंड ओलांडली की बुऱ्हाणपुरास तापी भेटते, तीही पश्चिमवाहिनी. खानदेशातून सातमाळ्याच्या रांगेत चांदवडला चढले की पाणी गोदावरीचे होते आणि पूर्वेस वळते.

तेथून निफाडजवळचे नांदूर मध्यमेश्वर दूर नाही. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा घातला गेला तो शेतीच्या पाण्यासाठी. गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान या ठिकाणाला लाभला. भोपाळचीच कथा, केवळ नावे निराळी.

इगतपुरी हे अखेरचे पठार. येथे वर्षाचा पाऊस तीनशे सेंटिमीटरांच्या घरात जातो. जैसलमेरला पंधरा वर्षांत मिळेल तेवढे पाणी येथे एका पावसाळ्यात कोसळते. कसारा घाट उतरताना दोहों बाजूंच्या डोंगरांतील वैतरणा, भातसा, तानसा यांचे पाणी अडवून मुंबई आपली तहान भागविते. इतक्या पावसाच्या मुलखालाही बांध चुकलेला नाही.

आणि शेवटी ठाण्याची खाडी. कांदळवनाच्या कडेने, ओहोटीच्या चिखलात, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत गुलाबी रोहित पक्ष्यांची दाटी असते. २०१५ साली येथे त्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली. हे पक्षी अंडी घालतात ते कच्छच्या रणात, चिखलाची बुटकी घरटी बांधून. त्याच रणात, जेथे मारवाडची लुणी जिरून जाते. वाळवंटाचे पाणी समुद्रापर्यंत पोहोचले नाही, पण त्या रणातले पक्षी समुद्रकाठी येऊन पोहोचले. त्यांना दोन्ही टोकांस थोडे उथळ, स्वच्छ पाणी हवे असते. तेवढे राखणे हे, कमला पार्कच्या बांधाप्रमाणेच, माणसाच्या हाती आहे.