बामणोली ते वासोटा : लाँचच्या वेळेत

सातारा जिल्ह्याला समुद्र नसला, तरी पाण्यावरून येऊन मोजक्या तासांत परतण्याचा प्रवास शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या भिंतीमागे पसरलेल्या जलाशयावर, घडतो. साताऱ्याहून कास पठारामार्गे बामणोलीस पोहोचल्यावर वासोट्यासाठी वनविभागाचा परवाना घ्यावा लागतो, कारण व्याघ्रगड या नावानेही ओळखला जाणारा हा किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झालेल्या राखीव क्षेत्रात, मोडतो. लाँचचे भाडे सहसा माणशी नसून संपूर्ण नावेचे असते. त्यामुळे एकट्यादुकट्याने एखाद्या गटात सामील होणे श्रेयस्कर.

सुमारे दीड तासाने नाव मेट इंदवलीच्या काठाला लागते. तेथील चौकीवर सामान तपासून प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्यांची नोंद होते व परतताना त्या दाखवाव्या लागतात. ही शिस्त योग्यच आहे आणि ती मनापासून पाळली गेली पाहिजे. चौकीपुढे किल्ल्याची चढण सुरू होते. नॉर्वेतील बर्गेन बंदरात उतरलेल्या जहाजप्रवाशाला फ्लोयेन डोंगरावर नेण्यासाठी १९१८ पासून दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. येथे मात्र दाट अरण्यातून पायीच चढावे लागते. नाव काठावर थांबून राहते, परंतु अंधारापूर्वी बामणोली गाठायची असल्याने माथ्यावरून शेजारच्या जुन्या वासोट्याचा कडा व कोकणाकडील दरी पाहून वेळेत उतरणे भाग असते. पावसाळ्यात ही वाट बंद असते.