पवनार : शब्दांवर विसंबलेली चव्वेचाळीस वर्षे

1938 च्या मार्चमध्ये विनोबा भावे पवनारला, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला आले. प्रकृती खालावली होती आणि विश्रांतीची गरज होती. 15 नोव्हेंबर 1982 रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच. मधल्या काळात तुरुंगवास झाला, देशभर पदयात्रा झाली. पण परतायचे ते पवनारलाच. या काळाचा हिशेब बहुतेक वेळा भूदानाच्या एकरांत मांडला जातो. तो शब्दांतही मांडता येतो. शब्द बदलला की माणसाचा विचार बदलतो आणि विचार बदलला की समाज, या विश्वासावर विनोबांच्या कामाची सगळी उभारणी होती.

हा विश्वास पवनारच्याही आधीचा. आई रुक्मिणीबाईंना गीता मराठीतून समजून घ्यायची होती. त्या 1918 साली गेल्या. 'गीताई' हा गीतेचा मराठी अनुवाद लिहून झाला 1931 च्या फेब्रुवारीत. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. जुना शब्द टाकून न देता त्यात नवा अर्थ भरायचा, ही विचारक्रांतीची अहिंसक रीत, असे त्यांनी तिथेच सांगितले होते.

या रीतीची मोठी परीक्षा 1951 साली झाली. 18 एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमिनीचे दान, मिळाले आणि सप्टेंबरात विनोबा पवनारहून दिल्लीकडे पायी निघाले. 'दान' म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली, हे आपल्या मनात मुरलेले. विनोबांनी शंकराचार्यांचा आधार घेऊन दान म्हणजे सम्यक विभाजन, न्याय्य वाटणी, असे सांगायला सुरुवात केली. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनमालकाला म्हणत. याचकाची भाषा जाऊन तिथे वारसदाराची भाषा आली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. त्यातली बरीच जमीन निकस निघाली, बरीच वाटली गेलीच नाही. अर्थ बदलला, पण सातबारा त्याच वेगाने बदलला नाही.

विनोबा पवनारला स्थिरावत होते त्याच सुमारास अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ हा भाषाभ्यासक शब्द विचाराला कसा घडवतो, याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने आला होता. त्याची नोकरी आगीच्या विमा कंपनीत. 1939 साली लिहिलेल्या निबंधात त्याने नोंदवले, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ खुशाल सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपातल्या वाफा जास्त घातक. पण 'रिकामे' हा शब्दच माणसाला निर्धास्त करतो. भाषा विचाराला किती बांधते याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहेत. ती विचाराला वळण लावते, एवढे मात्र सहसा कोणी नाकारत नाही.

हे वळण एकाच भाषेचे राहू नये याची विनोबांनी काळजी घेतली. बेचाळीसच्या आंदोलनानंतर वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. कुराण मुळातून वाचण्यासाठी ते अरबी शिकले. 1959 साली पवनारला ब्रह्मविद्या मंदिर उभे राहिले, तिथे निरनिराळ्या प्रांतांतल्या भगिनी आल्या. आपापली मातृभाषा घेऊन आलेल्या या साधिकांचे सामूहिक चिंतन हिंदीत चाले आणि 'मैत्री' हे मासिकही हिंदीतच निघे. भारतीय भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहाव्यात, हा विनोबांचा आग्रह होता. त्यात 'ही'वर भर होता, 'च'वर नव्हता.

मग 25 डिसेंबर 1974 ला त्यांनी वर्षभराचे मौन घेतले. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. पवनारहून देशाला दोनच शब्द मिळाले : 'अनुशासन पर्व'. महाभारतातल्या या पर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतात. सरकारने मात्र ते शब्द आपल्या फलकांवर चढवले आणि आणीबाणीला संतांचा आशीर्वाद आहे असे भासवले. विरोधक विनोबांना 'सरकारी संत' म्हणू लागले. डिसेंबर 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्यासाठी उघडपणे बोलल्या, तेव्हा पवनारचे मौन अजून सुटायचे होते.

त्याच महिन्याच्या 25 तारखेला ते सुटले. शासन सत्तेचे असते. अनुशासन निर्भय, निर्वैर, निष्पक्ष आचार्यांचे असते, असा खुलासा विनोबांनी केला. जानेवारीत पवनारला आचार्यांचे संमेलन भरले आणि देशातली स्थिती पूर्ववत व्हावी असे त्याने सुचवले. सरकारने ते मनावर घेतले नाही. जूनमध्ये गोवधबंदीसाठी विनोबांनी जाहीर केलेल्या उपोषणाची बातमी 'मैत्री'त छापली गेली, तेव्हा पोलिसांनी आश्रमात येऊन त्या अंकाच्या प्रती जप्त केल्या. विनोबांचे दोन शब्द भिंतीभिंतीवर रंगवणाऱ्या सत्तेला त्यांचे मासिक पेलले नाही.

'दान' आणि 'अनुशासन', दोन्ही जुनेच शब्द. 'दान'चा नवा अर्थ रुजला, कारण तेरा वर्षे विनोबा त्या शब्दाबरोबर चालत होते. रोज नवे गाव, रोज नवे श्रोते आणि पुन्हा तेच समजावणे. 'अनुशासन'बरोबर मात्र कोणीच चालले नाही. बोलणारा गप्प होता, विचारणारे तुरुंगात होते आणि छापखान्यावर सेन्सॉर बसला होता. शब्द विचाराला वळण लावतो हे विनोबांचे गृहीत दोन्ही वेळा खरे ठरले. दुसऱ्या वेळी ते वळण कुठे न्यायचे, हे सत्तेने ठरवले.