दोषांसकट आठवण

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला की कावळ्याची वाट पाहणे सुरू होते. कावळा लवकर शिवला नाही तर जमलेल्यांपैकी कुणीतरी पुढे होतो आणि गेलेल्या माणसाला शब्द देतो: धाकटीचे लग्न थाटात करू, शेत विकणार नाही, बहिणींना माहेर राहील. विधीवर विश्वास असो वा नसो, त्यामागची समज खोल आहे. माणूस जाताना काही अपुरे ठेवून जातो आणि मागे राहिलेल्यांनी ते विचारून घ्यायला हवे, हे त्यात मान्य केलेले असते. पण या विधीत मृताचे जिवंतांकडे काय राहिले एवढेच विचारले जाते. जिवंतांचे मृताकडे काय राहिले, हे विचारायची सोय तिथे नाही. दारूपायी घर धुळीला मिळवणारा बाप, बायकोशी वर्षानुवर्षे न बोललेला नवरा, एका मुलाला जवळ करून दुसऱ्याला तोडणारी आई, या साऱ्यांकडे असलेले घरच्यांचे येणे त्याच दिवशी बुडीत खात्यात जाते. वर्षभराने वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाची चौकट येते आणि तिच्यात प्रत्येक जण प्रेमळ, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल असतो. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आपल्याकडे उगाच रुळलेली नाही. माझे म्हणणे असे की दोष पुसून केलेल्या आठवणीत क्षमा नसते, कारण क्षमा करण्यासारखे काही तिने शिल्लकच ठेवलेले नसते. ज्या घरात चूक नाव घेऊन सांगता येते, तिथेच माफीला अर्थ येतो. आणि माणसाला उशिरा सापडलेल्या श्रद्धेचे मोलही तिथेच कळते.

श्रद्धेची गोष्ट आधी घेतो, कारण घरातल्या दोषांवर पांघरूण घालायला तिचाच आधार सर्वांत जास्त घेतला जातो. ‘शेवटी शेवटी माळ घातली होती, हरिपाठ चुकवत नव्हते,’ या एका वाक्यावर मागची तीस वर्षे निकाली निघतात. त्यासाठी अजामिळाचा दाखला हमखास येतो: आयुष्यभर पाप केले, मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि तरला. भागवताच्या सहाव्या स्कंधातली मूळ कथा मात्र एवढ्यावर संपत नाही. तिथे अजामिळाची पापे सविस्तर सांगितली आहेत. विष्णुदूत त्याला सोडवतात तेव्हा तो मरत नाही. तो शुद्धीवर येतो, आपण तरुण पत्नीला टाकले, म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडले, हे आठवून स्वतःचा धिक्कार करतो, घर सोडून गंगाद्वारी जातो, तिथे साधना करतो आणि मग त्याची सुटका होते. म्हणजे पुराणानेही नुसत्या अंतकाळच्या उच्चारावर भागवलेले नाही, त्याच्या आयुष्यात पश्चात्तापाला जागा करून दिली आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातले दुराचाऱ्यालाही दिलेले आश्वासन पुढच्याच श्लोकात तो लवकरच धर्मात्मा होतो असेही सांगते. तरीही अजामिळाच्या कथेत एक जागा मोकळी राहते. ज्या पत्नीला त्याने टाकले, तिचे काय झाले आणि तिने त्याला माफ केले का, हे भागवत सांगत नाही. देवाकडचा हिशेब मिटला तरी घरातला हिशेब वेगळाच राहतो.

ती मोकळी जागा मराठीत एका बाईने भरली आहे. सतराव्या शतकातली संत बहिणाबाई वेरूळजवळच्या देवगावची. लहानपणीच तिचे लग्न शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी झाले. ते तिच्यापेक्षा वयाने खूप मोठे आणि बिजवर होते. पुढे कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे ती कीर्तनाला जाऊ लागली, तिचा एका वासरावर जीव जडला, लोक तिच्याभोवती जमू लागले आणि पंतांचा संताप अनावर झाला. त्यांनी तिला मारहाण केली, बांधून ठेवले. ब्राह्मणाच्या बायकोने तुकोबांसारख्या शूद्राला गुरू मानावे हे तर त्यांना सोसवेना. ती गरोदर असताना ते तिला सोडून जायला निघाले. त्याच सुमारास ते आजारी पडले, बहिणाबाईने त्यांची सेवा केली आणि त्या आजारात त्यांचे मन पालटले. मग तेच तिच्यासह देहूला गेले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते तिच्या आत्मनिवेदनपर अभंगांमुळे. तिच्यासमोर सोपी वाट होती. नवरा पुढे तुकोबांच्या वाटेला लागला, तेव्हा मारहाणीची गोष्ट वगळली असती तर परंपरेने तिला दोष दिला नसता, उलट पतिव्रतेची मूर्ती अधिक उजळ झाली असती. पण तिने मार सांगितला, बांधणे सांगितले, सोडून जाण्याचा बेत सांगितला आणि त्याच सुरात पालटही सांगितला. मार गाळला असता तर पालट कशातून झाला हेच कळले नसते. पतीविषयी तिला आदर होता, हेही त्याच अभंगांत दिसते. दोन्ही गोष्टी तिने एकत्र पेलल्या, आणि माझ्या मते घरातल्या क्षमेचा मराठीतला हा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे.

एकोणिसाव्या शतकानंतर पत्नींनी लिहिलेल्या आठवणींची मोठी परंपरा मराठीत उभी राहिली. रमाबाई रानड्यांच्या १९१० मधल्या पुस्तकात भक्तीच अधिक आहे. तरी विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, ही गोष्ट त्या लपवत नाहीत. ती मुलगी त्या स्वतःच होत्या. बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये आले. त्यात पती अण्णांच्या कामाचा अभिमान आहे, आणि पैसा आश्रमाकडे वळल्यावर घरात काय ओढाताण होई, याची तक्रारही आहे.

या परंपरेचे शिखर मात्र लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. दोष, क्षमा आणि श्रद्धा हे आपल्या विषयाचे तिन्ही धागे त्यात आहेत. त्याचा जन्मही लक्षात घेण्याजोगा आहे: मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होता आणि त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहायला लावल्या. चरित्रासाठी सामग्री देणारी विधवा सहसा उजळ तेवढेच देते. लक्ष्मीबाईंनी सगळे दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी होते आणि कोपिष्टही. हाती आलेला पैसा वाटून टाकायचे, न सांगता घरातून निघून जायचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर होत्या, पदरात लहान मुलगा होता. नवरा जिवंत असून संसार तुटला. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या त्या स्वतःचे सोवळे सांभाळतच. जात देवाने केलेली नाही असे मनाला पटल्यावर हळूहळू ते सुटले आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या पायांनी चालत बाप्तिस्मा घेतला. तो नवऱ्याच्या आज्ञेने घेतलेला नव्हता, म्हणून त्या श्रद्धेला वजन आहे. आणि धर्म बदलल्याने टिळकांचा स्वभाव बदलला असे त्या म्हणत नाहीत. तापटपणा राहिला, उधळेपणा राहिला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्याची झळही घराला पुन्हा लागलीच. श्रद्धा खरी होती आणि दोषही खरे होते, ही एवढी साधी गोष्ट लिहायला जे धैर्य लागते ते धर्मप्रचाराच्या साहित्यात क्वचित आढळते. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या माणसाचा संताप त्यांनी नोंदवला, त्याच्याच कवितेचे ओझे त्यांनी खांद्यावर घेतले. क्षमा कशी असते याचा यापेक्षा ठोस पुरावा मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: गेलेला माणूस उत्तर द्यायला नसतो, मग त्याच्या चुका काढणे न्यायाचे कसे? रावण पडल्यावर वैर संपले असे म्हणत रामाने बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करायला सांगितले, हा दाखलाही देतात. पण रामाने रावणाचे संस्कार करायला लावले, सीताहरण झालेच नाही असे म्हणायला लावले नाही. वैर सोडणे आणि घटना नाकारणे यांत मोठे अंतर आहे. आक्षेपातला न्यायाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि त्यावरचा उपाय लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यातच आहे. त्या टिळकांचा राग सांगतात तसा आपला हट्टही सांगतात. बोलणाऱ्याने स्वतःलाही त्याच मापाने मोजले, तर न बोलू शकणाऱ्यावर अन्याय होण्याची भीती पुष्कळ कमी होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर आलेले सगळे लेखन बायकांचे आहे. सोसणारी बाई आणि माफ करणारीही तीच, अशा परंपरेचे गोडवे गाणे म्हणजे पुढच्या पिढीतल्या बायकांवर क्षमेची सक्ती लादणे नव्हे काय? उलट दिशेचे लेखन, म्हणजे नवऱ्यांनी पत्नीच्या सोसण्याची दिलेली कबुली, आपल्याकडे फार थोडे आहे. तुकोबांच्या आवलीला तर कीर्तनकारांनी शतकानुशतके कजाग बायकोच ठरवले. दुष्काळातला संसार ओढणारी बाई म्हणून तिची बाजू मांडणारे फार उशिरा आले. म्हणून एक स्पष्ट सांगितले पाहिजे: क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ मध्ये आले तेव्हा त्यांचे पती नामदेव ढसाळ हयात होते. त्या पुस्तकात समेटाची घाई नाही, आणि त्याने त्याची किंमत कमी होत नाही. माफ करायचे की नाही हा ज्याने सोसले त्याचा अधिकार. बाकीच्या कुटुंबाचे कर्तव्य एवढेच की त्याला खरे बोलू द्यावे. ‘आता जाऊ दे, माणूस गेला’ हे वाक्य बहुधा ज्यांनी काही सोसलेले नसते तेच म्हणतात, आणि ते म्हणून त्यांनी समोरच्याची क्षमाही हिरावून घेतलेली असते. सोसणाऱ्याला मन मोकळे करून माफ करायची संधीच उरत नाही.

तिसरी शंका श्रद्धेच्या बाजूने येते: उतारवयातली भक्ती ही मरणाच्या भीतीतून आलेली सोय असते, तिला इतके महत्त्व का द्यावे? काही वेळा तसे असतेच. पण बहिणाबाईच्या नवऱ्याची श्रद्धाही आजारपणात, भीतीतच उगवली होती. उगम भीतीत होता म्हणून ती खोटी ठरत नाही. ज्या बायकोला तुकोबांपायी मारले, तिच्याच बरोबर ते तुकोबांच्या गावी गेले, यावरून ती खरी ठरते. उशिरा आलेली श्रद्धा ज्याचे नुकसान केले त्या माणसाच्या दिशेने चालू लागली का, एवढीच कसोटी मला पुरेशी वाटते. देवळात रोज जाणाऱ्या पण तोडलेल्या मुलाचे नावही न घेणाऱ्या बापाची भक्ती त्या कसोटीला उतरत नाही. आणि ज्याने एखादे पत्र लिहिले, एखाद्या दाराशी जाऊन चुकलो म्हटले, त्याची भक्ती चार दिवसांची असली तरी उतरते.

या दिवाळीत घरोघरी गेलेल्यांची आठवण निघेल. भाऊबिजेला बहीण येईल, जुन्या फोटोंवरून बोलणे सुरू होईल. त्यात वडिलांच्या दानशूरपणाबरोबर त्यांचा राग निघाला, आजीच्या मायेबरोबर तिने सुनेला दिलेला जाच निघाला, तर कुणी कुणाला गप्प करू नये. ज्याने सोसले त्याला आधी बोलू द्यावे, आणि जमल्यास कुणीतरी ते लिहून ठेवावे.