नानावटी खटल्याचे वृत्तांकन

नानावटी खटला हे खुनाच्या आरोपीला वृत्तपत्रांनी लोकनायकाचे रूप दिल्याचे भारतातील ठळक उदाहरण मानले जाते. नौदलातील कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा या व्यावसायिकाच्या खुनाचा आरोप होता. हा खटला १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीपुढे चालला.

घटना

२७ एप्रिल १९५९ रोजी नानावटी यांच्या पत्नीने आहुजांशी असलेल्या प्रेमसंबंधाची कबुली दिली. नानावटी यांनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहात सोडले. रात्री एकट्याने अहमदनगरला मोटारीने जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. आहुजांच्या घरी झाडलेल्या गोळ्यांनी आहुजांचा मृत्यू झाला. त्यानंतर नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

वृत्तपत्रांची भूमिका

रुसी करंजिया यांच्या संपादकत्वाखालील 'ब्लिट्झ' या इंग्रजी साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे घेतली. कर्तव्यदक्ष अधिकारी आणि फसवला गेलेला पती अशी त्यांची प्रतिमा रंगवण्यात आली. आहुजांचे चित्रण मात्र श्रीमंत व स्त्रीलंपट पुरुष असे झाले. मृत व्यक्तीला स्वतःची बाजू मांडता येत नसल्याने हे चित्र एकतर्फीच राहिले. अंकाची मागणी इतकी वाढली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचे सांगितले जाते.

न्यायालयांचे निर्णय

ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. हा निर्णय न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये नानावटींना खुनाबद्दल जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव न्यायालयाने अमान्य केला. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले व खून सुमारे ४ वाजून २० मिनिटांनी झाला. मन ताब्यात आणण्यास एवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाचे मत होते. वृत्तपत्रांनी क्षणिक उद्रेक म्हणून रंगवलेल्या कृत्यामागील पूर्वतयारी अशा रीतीने निकालात नोंदली गेली.

परिणाम

शिक्षा कायम झाल्यानंतरही नानावटींविषयीची सहानुभूती ओसरली नाही. १९६४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. पुढे या घटनेवरून प्रेरित चित्रपटही निघाले. 'रुस्तम' (२०१६) हा त्यांपैकी एक होय.

हा भारतातील शेवटचा ज्यूरी खटला होता, हा समज मात्र चुकीचा आहे. त्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीची तरतूद ठेवण्यात आली नाही. तरीही न्यायप्रविष्ट प्रकरणात माध्यमांनी आधीच निवाडा देण्याच्या प्रवृत्तीची चर्चा होते, तेव्हा या खटल्याचा उल्लेख आवर्जून केला जातो.