जुळी आहेत, म्हणून झोपूनच राहायचे?

आठ-दहा वर्षे वाट पाहून, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांनी दिवस राहतात आणि सोनोग्राफीत दोन ठोके दिसतात. घरात पेढे येतात आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंचे फर्मान निघते, आता पलंगावरून उतरायचे नाही! हेतू मायेचाच असतो. पण नुसते झोपून राहिल्याने जुळ्यांची प्रसूती लांबत नाही. उलट, पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे भरण्याआधीच जन्मतात. म्हणून लक्ष द्यायचे ते वेगळ्याच गोष्टींकडे. दोघांची वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत पाहून घ्यावे; पुढे ते ओळखणे अवघड जाते. एकच भ्रूण सोडला तरी तो दुभंगून एकाच वारेवर जुळी वाढू शकतात. अशा वेळी एकाचे रक्त दुसऱ्याकडे वळण्याची भीती असते. त्यामुळे सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी हवी.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास पिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर योनिमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनचा विचार होतो. 'डॉक्टर, टाका घालूनच टाका' असा आग्रह नातेवाईक धरतात. पण लांबी चांगली असताना केवळ जुळी म्हणून घातलेल्या टाक्याचा फायदा दिसलेला नाही. तोंड उघडू लागले असेल, तर गोष्ट वेगळी.

एवढे करूनही कळा लवकर सुरू होऊ शकतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की आईला आधी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे श्वासासाठी लवकर तयार होतात. लिगिन्स यांना ही वाट मेंढ्यांवरच्या प्रयोगांत सापडली होती. मात्र पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. आणि नेमका तोच दिवस आपल्याकडे वाया जातो. पोट राहून राहून घट्ट होते, कंबरेत ओढ लागते. 'गॅस झाला असेल' म्हणून रात्र काढली जाते. पाणी गेले किंवा रक्त दिसले तर सकाळची वाट पाहू नये. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग जवळ कोठे आहे, रात्री दोन वाजता गाडी कोणाची मिळेल, हे सहाव्या महिन्याआधीच ठरवून ठेवा.